भिंतीमागची विडी

मंगळवार, ३ जून २०२५

पुरुषोत्तमला बनशंकरीच्या विद्युतदाहिनीत पोचवून आलो. आंघोळ झाली, बायकोनं, सुलभानं चहा दिला, आता लिहायला बसलोय.

पुरुषोत्तम आमच्या शेजारच्या शेडमध्ये लेथ चालवायचा. साठीही गाठली नव्हती. खोकला लागला, वजन उतरलं, छातीच्या फोटोत डाग दिसला, म्हणून टीबीची औषधं सुरू झाली. कितीतरी महिने त्यानं ती नेमानं घेतली. डाग हलेना, तेव्हा कुणीतरी पुढची तपासणी सांगितली आणि कळलं की फुप्फुसाचा कॅन्सर आहे. तोवर तो हाडांत उतरला होता.

दाहिनीच्या फाटकाबाहेर आमच्या गल्लीतले कारागीर उभे होते. मी आत चपला शोधत होतो, पण साठी उलटली तरी माझे कान शाबूत आहेत.

"विडीनं नेलं बघ त्याला."

"विडीनं काय नेतंय? माझा आज्जा ऐंशी वर्षं ओढत होता."

"तुझ्या आज्जाचं सांगू नकोस, तो मेला तवा तू पाळण्यात होतास. काडी हाय का?"

काडी ओढल्याचा आवाज आला. मग मी खाकरलो आणि बाहेर पडलो. सगळ्यांचे हात पाठीमागे, शाळेत प्रार्थनेला उभे असल्यासारखे. धूर तेवढा कुणाच्या पाठीमागे मावत नव्हता. मी तो बघितला नाही आणि आम्ही सगळे मिळून रिक्षा शोधायला लागलो.

आमच्यात हे असंच चालतं. मालकासमोर, वडीलधाऱ्यासमोर कुणी ओढत नाही, आणि शहाणा मालक कोपरा वळायच्या आधी खाकरतो. माझ्या वर्कशॉपात तर काडी पेटवायलाच बंदी. मोटरी रिवाइंड करायचं काम, थिनरचे आणि व्हार्निशचे डबे उघडे पडलेले. म्हणून माणसं मागच्या भिंतीपलीकडे, सिंगापूर चेरीच्या झाडाखाली जातात. मला तिकडं जायचं असलं की मी भिंतीच्या अलीकडे दोनदा खाकरतो. दोन्ही बाजूंनी एवढी अदब राखली, म्हणून माणसं माझ्याकडे टिकली असं मला वाटतं.

पुरुषोत्तमच्या बायकोला नमस्कार करून निघालो.

शनिवार, १४ जून

सूनबाईंच्या हट्टामुळं आज इंदिरानगरच्या हॉस्पिटलात जाऊन सगळं शरीर तपासून आलो. शाल्मली पुण्याची, सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिच्या कंपनीकडून सासू-सासऱ्यांना पॅकेज मिळतं. "बाबा, फ्री आहे, नुसतं लॅप्स होतंय," म्हणाली. फुकट गोष्ट वाया जाते म्हटल्यावर मला झोप कुठली?

बाहेर थांबलेल्या दोन साहेब लोकांचं बोलणं कानावर आलं. छातीचा एक स्कॅन असतो, कमी किरणांचा. सिगारेट ओढणाऱ्यांनी वर्षाला एकदा करून घ्यावा म्हणे. एकाचा तिसऱ्यांदा होता. दुसरा म्हणाला, "मी तर सोशल स्मोकर." हा काय प्रकार ते मला कळलं नाही.

डॉक्टर प्रमोदिनी धारवाडकडच्या, मराठी चांगलं बोलतात. मी म्हटलं, "माझाही करा तो स्कॅन."

"तुम्ही ओढता?"

"जन्मात नाही."

"मग तुम्हाला नको."

"पॅकेजमध्ये आहे की."

"पॅकेज मी नाही बनवलं," त्या म्हणाल्या. मग हसून समजावून सांगितलं. आपल्याकडं जुन्या टीबीचे वण कितीतरी जणांच्या छातीत असतात. गरज नसताना बघितलं की असलाच वण दिसतो आणि माणूस महिनाभर झोपत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं ओढलंय त्यांच्या बाबतीत मात्र फायदा मोठा आहे.

मी त्यांना पुरुषोत्तमचं सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांच्याकडं एक योजना आहे, जुलैअखेरपर्यंत स्कॅन मोफत. पण येतात कोण? गाडीतून उतरणारे. ज्यांच्यासाठी योजना आखली, ते फिरकत नाहीत.

"माणसं मी आणतो," मी म्हटलं. "आणि कुणात बिघाड आहे तेही सांगतो. मोटरीवर पेचकस टेकवून मूठ कानाला लावली की कुठलं बेअरिंग जाणार ते मला कळतं. माझ्याकडं उमाकांत म्हणून एक आहे, त्याचा खोकला मला आवडत नाही."

"त्यांना माझ्या योजनेत नको, सोमवारीच ओपीडीत पाठवा. खोकणाऱ्यानं थांबायचंच नसतं." मग म्हणाल्या, "मला आवाज न करणारी माणसं हवीत. आवाज यायला लागला की उशीर झालेला असतो."

आवाज नसताना बिघाड कसला? पण बाई हुशार दिसल्या, म्हणून वाद घातला नाही.

रविवार, २२ जून

आज वर्कशॉपच्या दारात टेबल टाकलं. शिवलीला म्हणून त्यांची आरोग्यसेविका आली होती. बागलकोटची, बोलायला गोड. आमच्या गल्लीतल्या सगळ्या शेडमधली माणसं मी सकाळपासून हिंडून गोळा केली. उप्पीट, केसरीभात, कॉफी, सगळी व्यवस्था चोख. मी स्वतः शिवलीलाशेजारी खुर्ची टाकून बसलो. आपला माणूस बसलाय म्हटल्यावर लोकांना धीर येतो.

नियम असे: वय पन्नासच्या वर, बरीच वर्षं भरपूर ओढलेलं, आणि अजून ओढत असावा, नाहीतर सोडून पंधरा वर्षं उलटलेली नसावीत.

माणसं येत गेली.

"धूम्रपान करता?"

"छे छे."

"पूर्वी?"

"लग्नात एकदा, मित्रांनी दिली म्हणून."

एक जण तर माझ्याकडं बघून म्हणाला, "अण्णांच्या राज्यात कुणाची हिंमत आहे?" सगळे हसले, मीही हसलो. दुपारपर्यंत नाव एकही नाही. मागच्या गटारात थोटकं बघितली तर वाटावं गावजत्रा होऊन गेली, आणि पुढं टेबलाशी सगळे संत.

मल्लाप्पा आला. मल्लाप्पा आणि मी निपाणीहून एकाच बसनं कानडी मुलखाच्या या राजधानीत आलो. तेव्हा तो मला हणम्या म्हणायचा. शेड माझ्या नावावर झाली त्या दिवसापासून अण्णा म्हणतो. मी सांगितलं नव्हतं, तोच म्हणायला लागला. माझ्याकडचा सगळ्यात जुना वाइंडर, मोटरींच्या कॉइल भरणारा.

शिवलीलानं विचारलं, तसं त्यानं मोटरी चालवून बघायच्या टेस्ट बेंचच्या वर टांगलेल्या फोटोकडं बोट केलं. २००८च्या आयुधपूजेचा, म्हणजे आपल्या खंडेनवमीचा फोटो. मल्लाप्पानं विडी सोडली म्हणून मी त्याला फेटा बांधून, शाल पांघरून सत्कार केला होता. खाली मीच पाटी रंगवून घेतली, कन्नडमध्ये आणि मराठीत: 'व्यसन सोडा, मल्लाप्पासारखे व्हा.'

"म्हणजे सतरा वर्षं झाली," शिवलीला म्हणाली. "मग बसत नाही नियमात."

"न्हाईच बसत," मल्लाप्पा म्हणाला आणि केसरीभात घ्यायला गेला.

तो ओढतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. सत्कारानंतर थोड्याच दिवसांत भिंतीमागं काडी ऐकली. मल्लाप्पा काडी दोनदा ओढतो, पहिल्यांदा हळू, मग जोरात. पण आपणच फेटा बांधलेल्या माणसाला चारचौघांत कसं धरायचं? मी गप्प बसलो. तेव्हापासून दोनदा खाकरायला लागलो.

जाताना शिवलीला म्हणाली, "अण्णा, पुढच्या वेळी तुम्ही स्वल्प आत बसा. ऊन लागतं."

"मला ऊन बाधत नाही, बाळ," मी म्हटलं.

बुधवार, २५ जून

एक गोष्ट सापडली. फॉर्मवर विचारलंय, दिवसाला किती सिगारेटी. आमचा विडी ओढणारा माणूस "एकही नाही" म्हणाला तर खोटं काय बोलला? डॉक्टरीणबाईंना फोन केला. विडी लहान, म्हणून धरली नसेल का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, विडीला कमी समजायचं काही कारण नाही, चूक आमचीच आहे, कागद बदलून देते. दिलासुद्धा. मोठ्या माणसानं एका फोनवर चूक कबूल केलेली मी फार वेळा पाहिलेली नाही.

आता रविवारी गाडी रुळावर येईल.

रविवार, २९ जून

रुळावर नाही. रस्त्यानं जाणारे दोन टेम्पोवाले सहज थांबले, खुर्चीत बसले आणि कॉलेजपासूनचा सगळा हिशेब मोकळेपणानं सांगून गेले. दोघांची नावं लागली. मला ओळखतही नव्हते. माझी माणसं मात्र तशीच. विडी म्हणताच एकमेकांकडं बघतात, मग माझ्याकडं, मग चपलांकडं.

मशीनची भीती असेल म्हणून मी उभा राहून छोटंसं भाषण केलं. सुई नाही, दुखत नाही, आडवं पडायचं, श्वास धरायचा, संपलं. टाळ्या वाजल्या. नाव एकही नाही.

उमाकांत ओपीडीत जाऊन आला. जुना वण आहे आणि व्हार्निशच्या वाफेचा त्रास, बाकी काही नाही. मास्क लावायला सांगितलाय. माझ्या कानानं त्याला तर जवळपास दाहिनीपर्यंत पोचवला होता.

मंगळवार, ८ जुलै

आज गंगव्वा आली. मल्लाप्पाची बायको. बनशंकरीच्या देवळाबाहेर फुलं विकते. लग्नाआधी निपाणीत विड्या वळायची, माझी आईही त्याच कारखान्यात होती. त्यामुळं ती मला नावापुरतं अण्णा म्हणते, बोलते मात्र नणंदेसारखी.

खुर्ची दिली तर उंबऱ्यावरच बसली. गजऱ्याचा दोरा दातात धरून म्हणाली, "त्यो फोटो काढा."

"कुठला?"

"माझ्या नवऱ्याला शाल घातलेला."

"का गं? सतरा वर्षं झाली, कुणाची काही तक्रार नाही."

"त्यो फोटो तितं हाय तवर त्यो मरंल, पर विडी वडतो म्हणून सांगणार न्हाई."

मला राग आला. मी त्या माणसाचा मान केला होता. या गल्लीत कुठल्या मालकानं वाइंडरला फेटा बांधला? मी म्हटलं, "मान दिला तो चुकला का?"

"मान दिलासा, खरं. पर खुंटीला टांगून ठेवलासा."

मग तिनं विचारलं, "ती शिवलीला नुसती गड्यांनाच इचारते काय वो?"

मी हसलो. "बायकांचं काय काम आहे त्यात?"

तिनं दोऱ्याची गाठ मारली, उठली. तिच्या पदरालाही विडीचा वास होता. इतकी वर्षं मल्लाप्पाशी संसार करून लागला असेल. टोपली उचलताना फुलांखाली विड्यांचं बंडल आणि काडेपेटी दिसली. बायकोच आणून देते म्हटल्यावर तो सोडणार कसा? हे तिला बोलून दाखवावंसं वाटलं. पण फोटोच्या रागात असताना बोलणं बरं दिसलं नसतं.

गुरुवार, १० जुलै

जेवताना सगळं सांगितलं. वाटलं, घरचे तरी माझी बाजू घेतील. शाल्मलीनं घास तसाच धरला.

"बाबा, सीरियसली? तुम्ही त्या टेबलाशी बसता?"

"मग? मी बसलो नाही तर कोण येईल?"

"अहो, म्हणजे माझा बॉस शेजारी बसलाय आणि एचआर मला विचारतेय की ऑफिसमध्ये काय त्रास आहे. मी काय सांगणार? सगळं मस्त आहे म्हणेन!"

सुलभा ताटात बघून म्हणाली, "मी एकोणतीस तारखेलाच म्हणणार होते."

"मग म्हणाली का नाहीस?"

"तुम्ही भाषणाची तयारी करत होता."

शिवलीलाला माझ्या डोक्याला ऊन लागायची काळजी नव्हती तर.

शनिवार, १२ जुलै

फोटो काढला. स्क्रू गंजले होते, एक तुटून भिंतीतच राहिला. मागं भिंतीचा मूळचा रंग निघाला, निळा. शेड घेतली तेव्हा मी आणि मल्लाप्पानं मिळून लावला होता. पाटी उलटी करून कोपऱ्यात ठेवली. दिवसभर प्रत्येक जण कामाशिवाय एकदा तिथून जाऊन आला.

मल्लाप्पा तेवढा गेला नाही. जागेवर बसून कॉइल भरत राहिला.

सोमवार, १४ जुलै

आज न खाकरता भिंतीमागं गेलो.

मल्लाप्पा पालथ्या घमेल्यावर बसला होता, एकटाच. मला बघताच त्यानं पेटती विडी मुठीत मिटली. तोंडावर काही दिसलं नाही.

"आज खाकरला न्हाईसा," तो म्हणाला.

"मूठ उघड."

"काय न्हाई त्यात."

"मल्ल्या, भाजतंय. मूठ उघड."

त्यानं उघडली. तळहातावर लाल गोल उठला होता. पण तो एकटा नव्हता. शेजारी जुने होते, बुजलेले, कातडीच्याच रंगाचे झालेले. ज्या ज्या दिवशी मला खाकरायला उशीर झाला असेल, त्या त्या दिवसाचे.

इतकी वर्षं मी त्या अदबीचं कौतुक करत होतो.

मी खाली मातीत बसलो. तो उठायला लागला, मालक खाली आणि आपण घमेल्यावर म्हणून. त्याला हातानं दाबून बसवलं. चेरीच्या फळांवर पाखरं भांडत होती.

"ओढ," मी म्हटलं.

"तुमच्या म्होरं?"

"हो."

"जमायचं न्हाई वो, अण्णा."

"बसमधून येताना खिडकीशी बसून ओढत होतास. सगळा धूर माझ्या तोंडावर. तेव्हा जमत होतं."

"तवा तू हणम्या होतास."

तोंडातून गेलं ते त्याला मागाहून ऐकू आलं. मान खाली घातली. मी म्हटलं, "तोच आहे. जरा पोट सुटलंय, एवढंच."

त्यानं दुसरी विडी काढली. काडी दोनदा ओढली, पहिली हळू, दुसरी जोरात. तोंड भिंतीकडं फिरवून, ओठांवर हाताचा आडोसा धरून ओढत होता. मी बघत होतो. माणसाला ओढताना बघणं म्हणजे त्याला जेवताना बघितल्यासारखं आहे. तो एकटा असतो तेव्हा कसा आहे ते कळतं.

"शाल दिली तेव्हा खरंच सोडली होतीस का रे?"

"आईची आन. दिवाळीपतोर शिवली न्हाई. मग पुन्ना लागली. तुमास्नी सांगावं म्हणून आलोतो आत. हळूच सांगणार होतो, एकट्यालाच."

"मग?"

"तुमी स्टुलावर चढून फोटो टांगत होता. मलाच म्हणला, बघ रे, सरळ आला का."

"तू काय म्हणालास?"

"सरळ हाय म्हणलो."

मला तो दिवस आठवतो. मी खूश होतो. फोटो सरळ आला म्हणून आणि मल्लाप्पाचे डोळे भरून आले म्हणून.

नंतर तो म्हणाला, "मला खोकला न्हाई, दुखणं न्हाई. आवाज नसताना तुमी एक तरी मोटर उघडलीसा का?"

"नाही उघडली," मी म्हटलं. "पण माझे कान उमाकांतच्या वेळी चुकले. पुरुषोत्तमचा खोकला ऐकला तेव्हा उशीर झाला होता. आणि तुझ्या बाबतीत काडी ऐकून गप्प बसलो, तेही कानच. आता त्यांच्यावर सोडायला नको."

किती ओढतोस ते मी विचारलं नाही. ते शिवलीलाला सांग, मला नको, असं म्हटलं. त्यानं मान हलवली. "सरी, बरं," एवढंच म्हणाला.

गुरुवार, २४ जुलै

स्कॅन झाला. टेम्पोत माझ्या शेडमधले पाच जण होते. टेबल आता मागं झाडाखाली असतं आणि मी पुढं असतो. डॉक्टरीणबाईंनी आधीच सगळ्यांना बजावलं: काही दिसलं तर घाबरू नका, बरेचदा जुना वणच असतो, काही नाही दिसलं तर विडी धुवून निघाली असंही समजू नका. सोडायची असेल त्याला औषध आणि मदत दोन्ही मिळेल, कुणी सत्कार करणार नाही. हे शेवटचं त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

मल्लाप्पा बाहेर येऊन म्हणाला, "व्हार्निशच्या भट्टीत मोटर घालतात तसं घातलं वो मला. फकस्त गार."

शनिवार, २ ऑगस्ट

चौघांचं ठीक. मल्लाप्पाच्या उजव्या फुप्फुसात, वरच्या बाजूला एक गाठ. मटाराच्या दाण्याहून मोठी. कडा सरळ नाही म्हणतात. वण असू शकतो. सुई घालून तुकडा काढावा लागेल.

ऐकताना तो माझ्याकडं बघत नव्हता, खिडकीतून खालच्या रस्त्याकडं बघत होता. गंगव्वा डॉक्टरीणबाईंच्या ओठांकडं बघत होती.

वाटलं, मी याला खेचून आणलं नसतं तर तो आज दुपारी सुखानं कॉइल भरत बसला असता. हा विचार खोटा आहे हे कळतं. तरी येतो.

मंगळवार, १९ ऑगस्ट

कॅन्सर आहे.

लहान आहे, एकाच जागी आहे, पसरलेला दिसत नाही. ऑपरेशन करून फुप्फुसाचा तेवढा भाग काढता येईल. डॉक्टर प्रमोदिनींनी तीन वेळा सांगितलं की ही वेळेवर सापडलेली गोष्ट आहे. पुढं काय होईल त्याची हमी मात्र त्यांनी दिली नाही आणि मीही मागितली नाही.

बाहेर कॉफी घेताना मल्लाप्पा म्हणाला, "म्हंजी आवाज न करता बिघडलोतो म्हणा की."

माझी कॉफी तशीच राहिली होती, ती त्यानंच उचलून माझ्या हातात दिली.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आला. नळ्या आहेत. मला बघून पहिलं काय म्हणाला, तर पद्मनाभनगरच्या अपार्टमेंटची मोटर दुरुस्त होऊन गेली का. गेली म्हटलं. गेली नव्हती. शेडवर येऊन पोरांना जागेवर बसवलं आणि ती पुरी करून पाठवली.

बुधवार, १ ऑक्टोबर. आयुधपूजा

मोटरींना झेंडूच्या माळा, लेथला कुंकू, दारात कुंकू भरलेला कोहळा फोडला. आज कुठलं हत्यार चालवायचं नाही. मल्लाप्पा खुर्चीत बसून होता, बारीक झालाय, जिना चढला की थांबतो. विडी बंद आहे, औषध चालू आहे.

आरतीनंतर सगळे माझ्याकडं बघायला लागले. दरवर्षी मी दोन शब्द बोलतो. मल्लाप्पानं दुरूनच मान हलवली, नको म्हणून.

प्रसाद देताना तो हळूच म्हणाला, "सुटली म्हणून सांगू नकोस कुणाला. सुटली तर सुटंल. पुन्ना लागली तर मला येऊन सांगता आलं पायजे."

मी दोन शब्द बोललोच नाही. उमाकांत म्हणाला, "अण्णांचा घसा बसलाय काय?"

रविवार, १२ ऑक्टोबर

योजना डिसेंबरपर्यंत वाढली. आजूबाजूच्या गल्ल्यांतूनही माणसं येतात आता. टेबल झाडाखालीच. पण झाडाखालचं टेस्ट बेंचच्या खिडकीतून दिसतं, आणि दिसतं तिथलं मला ऐकूही येतं. म्हणून शिवलीला आली की मी एखादी मोटर बेंचवर चढवून चालू करतो. आज पाच हॉर्सपॉवरची होती, बेअरिंग पार गेलेलं, किंचाळत होती.

अकराच्या सुमारास गंगव्वा डबा घेऊन आली. मला वाटलं, मल्लाप्पाची पुढची तारीख विचारायला आली असेल. ती खुर्चीत बसली. शिवलीलानं मल्लाप्पाची फाइल काढली. गंगव्वानं ती हातानं बाजूला सारली. शिवलीलानं तिच्याकडं पाहिलं, मग खालून एक कोरा फॉर्म काढला.

गंगव्वानं पदर तोंडाला लावला. पदरामागून काहीतरी बोलली. मग पदर खाली घेतला आणि बोटं दाखवून मोजायला लागली. एका हाताची संपली, दुसऱ्या हाताची घेतली.

बायकांचं काय काम, असं मी हसलो होतो. जुलैमध्ये. ती उंबऱ्यावर बसलेली, फुलांखाली बंडल.

मी खिडकीकडं पाठ केली. दारात गिऱ्हाईक उभं होतं, ओरडून विचारत होतं, "अण्णा, एवढी किंचाळते तर बंद करा की!"

"आणखी थोडा वेळ," मी म्हटलं.

गुरुवारच्या टेम्पोत एक जागा जास्त ठेवायला सांगितलीय. कुणासाठी, ते ड्रायव्हरनं विचारलं. मला ठाऊक नाही म्हटलं. जे कानावर येईल ते इथं लिहायचं, ही माझी सवय.

आज मला काही ऐकू आलं नाही.